पुढच्या दांतांतील फट

सोलापुरहून एका वडीलधाऱ्या भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या नातीच्या वरच्या दोन पुढच्या दांतांमध्यें बारीकशी फट आहे आणि त्यांतील एकाचा कोपरा लहानपणीं पडल्यामुळें उडालेला आहे. नात तेवीस वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी; परंतु पाहुणे येणार म्हणतांच घरांतील सर्वांचें लक्ष तिच्या दांतांकडे वळलें. तारा बांधून घेण्यास बराच काळ लागेल, तेव्हां पुढचे चार दांत घासून त्यांवर चिनी मातीचे पापुद्रे बसवावे, असा सल्ला कोणी दिला आहे. तो मानावा काय, असें त्या विचारतात.

आमचें स्पष्ट मत असें कीं, एवढ्यासाठीं निरोगी दांत घासूं नयेत. दांतावरील इनॅमलचें कवच हें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य खरें. पण तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. मोडलेलें हाड सांधतें, कापलेलें नख वाढतें. इनॅमल गेलें तें गेलेंच. व्हिनिअर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या पापुद्र्यासाठीं बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर काढावा लागतो. तो पापुद्रा दहा-पंधरा वर्षें चांगला टिकतो, मग बदलावा लागतो. तेविसाव्या वर्षीं ही वाट धरणारीस जन्मांत तीनचार वेळां तरी त्या खुर्चीवर बसणें आलें. हा हिशेब पाहुण्यांच्या बैठकींत कोण मांडतो?

मौज अशी कीं, हे पापुद्रे मूळचे घटकाभराच्या शोभेचेच. हॉलिवूडच्या चार्ल्स पिंकस या दंतवैद्यानें १९२८ च्या सुमारास नटनट्यांसाठीं ते केले. चित्रीकरणापुरते चिकटवावयाचे आणि मग काढून ठेवावयाचे. ते पक्के बसूं लागले ते पुष्कळ पुढें. १९५५ सालीं मायकेल बुनोकोर यांनीं दाखविलें कीं, फॉस्फरिक आम्लानें इनॅमल किंचित् खरबरीत केल्यास त्यावर राळ घट्ट धरते. या एका शोधावर आजची बहुतेक दंतशोभा उभी आहे, आणि पत्रांतील मुलीच्या कामाचा उपायही त्यांतूनच निघाला आहे.

त्यास बाँडिंग म्हणतात. दांताच्या रंगाशीं जुळणारी कॉम्पोझिट राळ थराथरानें लावून निळ्या प्रकाशानें कडक करतात. उडालेला कोपरा भरून येतो, बारीक फट दोन्ही बाजूंनीं थोडी थोडी भरून मिटते, आणि बहुधा एकाच बैठकींत, बधिर न करतां काम होतें. ही राळ पांचसात वर्षांत झिजते, चहाकॉफीनें पिवळी पडते, कधीं कपचा उडतो. पण ती पुन्हा लावतां येते, आणि खालचा दांत जवळजवळ जसाच्या तसा राहतो. मात्र फट मोठी असल्यास भरलेले दांत फावड्यासारखे रुंद दिसतात, आणि दांत वळलेले वा एकमेकांवर चढलेले असल्यास राळेनें नुसती लपवालपवी होते. तेथें तारा किंवा हल्लींचे पारदर्शक साचे हाच खरा मार्ग.

दांत उजळावयाचे असतील तर तें बाँडिंगच्या आधीं करावें. पेरॉक्साइडनें नैसर्गिक दांत उजळतो, राळ उजळत नाहीं. उजळल्यावर सुमारें दोन आठवडे थांबून मग रंग जुळवावा. मिश्रीचे वा चहाचे डाग तर नुसत्या सफाईनेंच निघतात. (मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हें घरच्या वडील बायकांना कोणीतरी सांगावयास हवें.) गड्ड्याच्या गर्दींत कोणी बाटलींतील द्रवानें दांत क्षणांत पांढरे करून देतों म्हणाला, तर तेथून पाय काढावा, तीव्र आम्लानें डागाबरोबर कवचही विरघळतें.

एक गोष्ट आधीं तपासून घ्यावी. ही फट पूर्वींपासून तेवढीच आहे, कीं अलीकडे वाढली आहे? मोठेपणीं वाढणारी फट बहुधा हिरड्यांच्या रोगाची खूण असते, आणि त्यावर राळ लावणें म्हणजे ओल असलेल्या भिंतीस रंग देणें. उलट सातआठ वर्षांच्या मुलास अशी फट असेल तर आईबापांनीं घाबरूं नये. अकराबाराव्या वर्षीं सुळे उतरले कीं ती पुष्कळदां आपोआप मिटते.

पत्रांत आजीचें, आत्याचें, मध्यस्थांचें मत आहे. नातीचें कोठेंच नाहीं. आरशांत रोज पाहणारी ती, खुर्चीवर बसणारी ती. तिला कोपरा खुपत असेल आणि फट आवडत असेल, तर नुसता कोपरा भरावा. आपल्याकडे कित्येक बायका अशा फटीस भाग्याचें लक्षण मानीत आल्या आहेत. तिला कांहींच नको असेल, तर पाहुण्यांनीं तिचें हंसणें आहे तसें पाहावें.

सोलापुरांत केगांव येथें दंत महाविद्यालय आहे. तेथें दाखवून दुसरें मत घेतां येईल. राळ लावून घेतलीच, तर कडक भाकरी आणि ऊस पुढच्या दांतांनीं तोडूं नये. भाकरी हातानें मोडून, शेंगाचटणीबरोबर दाढेखालीं घ्यावी.