किती मावतात, किती निघतात

853. एअरबस ए-380 या दुमजली विमानात याहून जास्त प्रवासी बसवता येत नाहीत. हा आकडा जागा मोजून काढलेला नाही. 26 मार्च 2006 रोजी जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका हँगरमध्ये हे विमान माणसांनी भरले. प्रवासी म्हणून 853, शिवाय 20 कर्मचारी. हँगरमध्ये अंधार केला. सोळांपैकी आठ दरवाजे बंद ठेवले. उघडणारे आठ कोणते, हे आतल्या कुणालाही ठाऊक नव्हते. जायच्या वाटेत सामान, उशा, पांघरुणे टाकून ठेवली होती. इशारा झाला आणि 78 सेकंदांत सगळी माणसे जमिनीवर आली. एकाचा पाय मोडला, काहींना खरचटले. मुदत 90 सेकंदांची होती. 853 निघाले, म्हणून 853. पाचशेच निघाले असते तर आसनेही पाचशेच राहिली असती. विमान केवढेही मोठे असो.

आता बीड जिल्ह्यातल्या माजलगाव बसस्थानकाबाहेर रात्री उभी असलेली पुण्याची स्लीपर ट्रॅव्हल्स घ्या. तिच्यात बर्थ किती, हे कशावरून ठरते? गाडीच्या लांबीवरून. बारा मीटरची गाडी, एका अंगाला दुहेरी बर्थ, दुसऱ्या अंगाला एकेरी, खाली आणि वर. तीस मावतात, दाटीवाटीने छत्तीस. म्हणून तीस, म्हणून छत्तीस. एवढी माणसे रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, धुरात, किती वेळात उतरतील, हा प्रश्न या हिशेबात कुठेच येत नाही.

नियम नाहीत म्हणावे तर तसेही नाही. स्लीपर कोचसाठी एआयएस-119 हे स्वतंत्र मानक आहे. बसच्या सांगाड्यासाठी एआयएस-052 आहे. ही मानके पुण्याच्या एआरएआय संस्थेतून निघतात. म्हणजे नियम पुण्यात लिहिला जातो आणि गाडीही पुण्यालाच जाते. आपत्कालीन दार असावे, छताला झडप असावी, काच फोडायचा हातोडा असावा, अग्निशामक असावा, मधली वाट अमुक रुंद असावी. सगळे सेंटिमीटरमध्ये. सेकंदांत काही नाही. मानकाने भोक मोजले. त्यातून माणूस निघतो का आणि किती वेळात निघतो, हे पाहायचे राहून गेले.

विमानाचा नियमही आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेने 1965 साली दोन मिनिटांची मुदत घातली. 1967 साली ती 90 सेकंदांवर आणली. 44 पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला ती लागू आहे आणि जगभर तीच चालते. तिच्यातही खोट आहे. चाचणीत लहान मुले घेत नाहीत, तान्ह्या बाळांच्या जागी बाहुल्या असतात. अधू, आजारी माणसे नसतात. खरा अपघात काही घड्याळ लावून होत नाही. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान पेटले, तेव्हा आठपैकी तीनच दरवाजे कामाचे उरले होते. सगळे उतरायला नव्वद सेकंदांहून कितीतरी जास्त वेळ लागला. पण 379 च्या 379 माणसे जिवंत बाहेर आली. निम्मी दारे गेली तरी माणसे निघाली पाहिजेत, हे गृहीत धरून ते विमान बांधलेले होते.

बसच्या बाबतीत निम्मी दारे जाणार हे तर ठरलेलेच असते. बस आडवी होते. 1 जुलै 2023 च्या रात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स डाव्या कुशीवर पडली. आपल्याकडे बसचे दार डावीकडे. ते खाली दबले. गाडी पेटली. आतल्या 33 पैकी 25 जण जळून गेले. आठ वाचले. काही जण काच फोडून बाहेर पडले.

डाव्या कुशीवर पडलेल्या बसमध्ये काय होते, ते जरा डोळ्यांसमोर आणा. बसची रुंदी जास्तीत जास्त 2.6 मीटर, म्हणजे साडेआठ फूट. उजवीकडच्या खिडक्या आता डोक्यावर साडेआठ फुटांवर गेल्या. उजवीकडचे आपत्कालीन दार छतात आहे आणि ते वर ढकलून उघडायचे आहे, आपल्याच वजनाने खाली मिटणारे. वरच्या बर्थवरची माणसे, गाद्या, पिशव्या सगळे खालच्यांच्या अंगावर. हाताला येईल अशी वाट म्हणजे छताची झडप, जी आता भिंतीत आली आहे, आणि पुढची-मागची काच. म्हणजे नियमाने मोजलेली निम्म्याहून जास्त भोके त्या क्षणी नुसती नावाला उरतात. कागदावर ती सगळी हजर असतात. गाडी कागदावर उभी असते ना.

नंतर चर्चा रंगली ती टायर फुटला की चालकाला डुलकी लागली यावर. चर्चा चुकीची नव्हती, अर्धी होती. टायर पुन्हा फुटणार, डुलकी पुन्हा लागणार. त्यानंतर आतल्यांना किती सेकंद मिळतील आणि त्यांना किती लागतील, या दोन आकड्यांतल्या फरकावर पंचवीस ठरतात की पाच ठरतात. समृद्धीवरच्या त्या अपघाताआधी नऊ महिने, 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे, नाशिकच्या नांदूर नाक्यावर यवतमाळहून मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्स पेटून बारा जण गेले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने जैसलमेर आणि कर्नूल इथे बस पेटल्या. गावे बदलतात, गाडी तीच.

सरकारला वेळेचे महत्त्व कळत नाही असेही नाही. जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने लांब पल्ल्याच्या बसमध्ये प्रवासी बसतात त्या भागातही आगीची सूचना देणारी आणि आग रोखणारी यंत्रणा सक्तीची केली. कारण असे दिले की उष्णता आणि धूर यांनीच माणसे जास्त होरपळतात, आणि आतले तापमान 50 अंशांच्या आत ठेवले तर बाहेर पडायला जास्तीचा वेळ मिळतो. उत्तम. पण जास्तीचा म्हणजे कशापेक्षा जास्तीचा? आधी किती लागतो, हे मोजल्याशिवाय ‘जास्तीचा’ या शब्दाला अर्थ काय?

बीडच्या रस्त्याला विमान अगदीच परके नाही. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादच्या धावपट्टीवरून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले. 118 पैकी 55 जण गेले. चौकशीत ट्रकला धडक रस्त्यापासून किती उंचीवर बसली तेही नोंदवले गेले, जवळजवळ सात फूट. वैमानिकांची चूक लिहिली आणि तेवढ्यावर न थांबता विमानाच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक न रोखणाऱ्या विमानतळ प्राधिकरणाचीही लिहिली. विमान पडले की फूट मोजतात. बस जळाली की माणसे मोजतात.

मोजलेला आकडा असला की काय होते, त्याचे एक ताजे उदाहरण आहे. जून 2025 मध्ये बातमी आली की एअर इंडियाची तीन एअरबस विमाने स्लाइडची तपासणी लांबलेली असताना उडत होती आणि हवाई नियामक डीजीसीएने त्यावरून कंपनीला फटकारले. स्लाइड म्हणजे दार उघडताच फुगून जमिनीला टेकणारी ती रबरी घसरगुंडी. ती सुटल्यापासून सहा सेकंदांत उभी राहिली पाहिजे असा नियम आहे. एका विमानात तपासणीला महिन्याहून जास्त उशीर झाला होता, दुसऱ्यात तीन महिन्यांहून जास्त. तिसऱ्यात दोन दिवस. हे दोन दिवससुद्धा नोंदले गेले. कारण स्लाइड हा आसनांच्या हिशेबाचाच भाग आहे. एखादे दार किंवा स्लाइड निकामी असताना विमान न्यायचेच असेल, तर त्या दाराजवळची आसने मोकळी ठेवावी लागतात आणि प्रवासी कमी करावे लागतात. दार गेले की तिकिटे गेली. कंपनीला कळते ती हीच भाषा.

हातोडा नाही म्हणून चार बर्थ रिकामे ठेवून निघालेली ट्रॅव्हल्स कुणी पाहिली आहे?

गाडीत एकदा बारकाईने बघावे. हातोड्याच्या जागी खुंटी असते आणि खुंटीला कुणाची तरी कॅरीबॅग. काचेवर ‘आपत्कालीन मार्ग’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते आणि त्यावर पडदा. पडद्यामागे बर्थ, बर्थवर माणूस, त्याच्या उशाला गावाकडून लेकरांसाठी चाललेली ज्वारीची पिशवी. मागच्या दाराला टेकून पार्सलची खोकी. अग्निशामक असतो, तो चालकाच्या केबिनमध्ये, सरकत्या दारापलीकडे. कर्नूलनंतर पुण्याच्याच सीआयआरटी या संस्थेने राज्यांना कळवले की चालकाच्या मागचे हे दार काढा, बर्थला लावलेली सरकती झाकणे काढा. म्हणजे या वस्तू गाड्यांत होत्या, पासिंगला गेल्या होत्या आणि पास झाल्या होत्या. वाट अडवणारे दार वर्षानुवर्षे कुणाच्या डोळ्यांत खुपले नाही, कारण त्याने गाडीचा एकही बर्थ कमी होत नव्हता.

यावर ठरलेला आक्षेप येतो. विमानात हवाई सुंदरी असते, शिस्त असते, पैसा असतो. ट्रॅव्हल्सला हे झेपणार नाही. झेपण्याचा प्रश्न नाही. चाचणी प्रत्येक गाडीची रोज करायची नसते. एका नमुन्याची एकदा करायची असते आणि ती बांधणाऱ्याने करायची असते. उलट विमानात सूचना द्यायला दर पन्नास आसनांमागे एक प्रशिक्षित कर्मचारी आहे आणि बसमध्ये झोपलेला क्लीनर आहे, म्हणून बसची चाचणी जास्त कडक हवी. बर्थ कमी झाले तर भाडे वाढेल, हे मात्र खरे आहे. ते मान्य करून पुढे जावे. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये असा शासनाचा निर्णय 2018 पासून आहे, तरी दिवाळीत पुण्याहून माजलगावला येताना काय मोजावे लागते ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. भाडे वाढवायला एकही बर्थ कमी करावा लागला नाही.

तेव्हा मागणी एकच आहे. स्लीपर कोचच्या प्रत्येक नमुन्याला मान्यता देण्याआधी ती गाडी डाव्या कुशीवर आडवी करावी. दिवे घालवावेत. जितके बर्थ आहेत तितकी माणसे आत झोपवावीत. माजलगावच्या गाडीत असतात तशी. साठी उलटलेली बाई, पुण्याच्या दवाखान्यात निघालेला माणूस, चाकणचा कामगार, परीक्षेला चाललेली पोरगी. वाटेत पिशव्या टाकाव्यात. मग इशारा करून घड्याळ लावावे. ठरलेल्या मुदतीत छत्तीस निघाले तर छत्तीस बर्थ द्यावेत. अठराच निघाले तर अठरा. मुदत नव्वद सेकंदांची असावी की साठ, हे जाणकारांनी ठरवावे; विमानाएवढा वेळ पेटलेली बस देते का, हेही त्यांनीच पाहावे. पण मुदत असावी, ती मानकात सेकंदांत लिहावी आणि त्या चाचणीत निघालेला आकडाच परवान्यावरचा आकडा व्हावा. गाडीला नंबरप्लेट नागालँडची असो की बीडची.

हे काम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहे. चाचणीला लागणारी जागा, माणसे आणि यंत्रणा पुण्यात आहेत. नव्या प्रयोगशाळेची गरज नाही, एक आडवी बस आणि एक घड्याळ पुरे. ही चाचणी न झालेल्या कोणत्याही नमुन्याला यापुढे स्लीपर म्हणून परवाना देऊ नये.