व्यवसाय : निरंक

मृत्यूची नोंद करताना जो सरकारी अर्ज भरावा लागतो, त्यात मृताच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. माझ्या दादीच्या अर्जात त्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याला काय दोष द्यायचा? तिथे काय लिहायचं, ते घरात कोणालाच सुचलं नव्हतं.

दादीचं सारं आयुष्य काटोल तालुक्यातल्या एका लहानशा गावात गेलं. संत्र्याचा आणि कपाशीचा मुलूख. गावात मुसलमानांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. घरात ती हिंदी बोलायची, पण ओसरीबाहेर पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी: ‘काहून वं बाई, आज चूल नाही पेटली का?’ गावासाठी ती ‘चाची’ होती. सुनांचीही चाची आणि त्या सुनांच्या नातवंडांचीही चाचीच.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे एका आयुष्यात तो सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. १९९८-९९ च्या सुमारास तो डिसेंबर-जानेवारीत यायचा, म्हणजे ऐन कपाशीच्या वेचणीत. दादी रात्री तीनला उठून चूल पेटवायची. सगळ्यांची सहेरी, फजरची नमाज, मग शेळ्या, झाडलोट, पाणी, आणि ओटी बांधून शेतात. संध्याकाळी वेचलेला कापूस घरात टाकला की इफ्तारची तयारी. स्वतःचा रोजा ती एक खजूर आणि घोटभर पाण्यावर उभ्या उभ्याच सोडायची, कारण तव्यावर भाकर असायची.

हीच वेचणी दुसऱ्याच्या शेतात केली की किलोवर मजुरी मिळते. शेजारणी ती मजुरी पदराला बांधून आणायच्या. दादी आपल्या शेतात वेचायची, म्हणून ते ‘घरचं काम’. बोंडांच्या टोकांनी बोटं दोघींचीही सारखीच ओरबाडलेली. कापूस विकल्यावर चुकारा यायचा, तो आजोबांच्या नावाने.

ईदेच्या आधी आठ दिवस तिच्या अंगणात शेवया व्हायच्या. मैदा मळायला, शेवया वळायला आणि खाटेवर वाळत घालायला सगळ्या गल्लीतल्या बाया यायच्या. शेजारच्या एका घरी आमच्या भांड्यातलं चालत नसे. त्या घरी दादी शिरखुर्मा पाठवत नव्हती, शिधा पाठवायची: कोरड्या शेवया, साखर, चारोळी, खारका आणि दुधाचे पैसे. पोळ्याला त्या घरून पुरणपोळ्या यायच्या आणि आम्ही त्या खायचो. याला कोणी मोठा सलोखा म्हणेल, कोणी जुना विटाळ. दादी त्यावर कधी बोलली नाही. शिधा मात्र एकाही ईदेला चुकला नाही.

आजीच्या हाताच्या चवीवर आपण सगळेच भरभरून लिहितो. मला त्या लेखांचा आता थोडा कंटाळा येतो. चव लक्षात राहते आणि कष्टाचा हिशेब राहून जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ८८ मिनिटं, असं आढळलं. आणि ही सरासरी शहर-खेडं एकत्र धरून आहे.

सर्वोच्च न्यायालयाला हा हिशेब करावाच लागला, पण माणसं गेल्यावर. १९८९ मध्ये जमशेदपूरला झालेल्या आगीत अनेक गृहिणी दगावल्या होत्या. त्यांच्या भरपाईच्या प्रकरणात २००१ मध्ये न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. ६२ ते ७२ वर्षांच्या वृद्ध बायांसाठी मात्र वर्षाला २०,०००. म्हणजे वय वाढलं की मोल उतरलं. दादी त्या वयात तीन नातवंडं सांभाळत होती. पुढे २०१० मध्ये याच न्यायालयाने जनगणनेला सुनावलं, कारण २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काहीच उत्पादन न करणाऱ्यांत बसवलं होतं.

खेड्यातल्या एका गृहिणीची आठवण महाराष्ट्राने मनापासून जपली, ती बहिणाबाई चौधरींची. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ मध्ये छापली गेली. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बाकीच्या आज्यांना वही मिळाली नाही. निदान सातबारा मिळायला हवा होता.

इथे मला आपल्या समाजाशी आणि शेजाऱ्यांशीही स्पष्ट बोलायचं आहे. कुराणात ‘अन-निसा’ या सूरेत वारसांचे वाटे ठरवून दिले आहेत. मुलीला मुलाच्या निम्मा, अपत्य असेल तर पत्नीला आठवा, आईला सहावा. हे प्रमाण पुरेसं आहे का, हा वाद वेगळा आणि तो व्हायला हवा. पण जे लिहिलेलं आहे, तेवढं तरी किती घरांत दिलं जातं? दादीने माहेरच्या शेतावर हक्कसोडपत्राचा अंगठा केला होता. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, ‘भाई का दरवाजा खुला रहना चाहिए, बेटा.’ हिंदू मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बहिणी त्याच कारणासाठी सही करताना दिसतात. माहेर तुटू नये, ही भीती बाईचा धर्म विचारत नाही.

रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब काटेकोर करतो. सोनं, शिल्लक, अडीच टक्के, एक रुपया इकडेतिकडे नको. जकात ही आपल्या मालातून द्यायची असते. बहिणीचा वाटा मुळात आपला नाहीच, मग तो ठेवून उरलेल्यावर अडीच टक्के कसे काढायचे, हा प्रश्न मशिदीतल्या प्रवचनात क्वचितच ऐकू येतो.

आमच्या घरात दोन फुफी आहेत. आजोबांच्या शेतातला दोघींचा वाटा आजवर तोंडी ‘सोडलेला’ आहे. या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मी अब्बांकडे विषय काढला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ईदेला दोघींना बोलावू, फेरफारासाठी कोणते कागद लागतील ते तलाठ्याला विचारून ठेव. काकांनाही फोन केला. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.