पायातल्या स्टेंटचं कार्ड मागून घ्या

रबाळ्याच्या विहारात रविवारी वंदनेनंतर आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो, "ताई, पायात स्टेंट टाकलाय. एमआरआय काढून तो नीट आहे का बघावं का?" त्यामागोमाग दुसरा, "की मशीन तो खेचून काढेल?"

ही भीती उगाच नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. पण सिलिंडर वेगळा आणि स्टेंट वेगळा. पायातले बहुतेक स्टेंट निटिनॉलचे, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. चुंबक त्यांना ओढून काढत नाही. कंपनीने दिलेल्या अटी पाळून अशा रुग्णाचा एमआरआय करता येतो.

मग स्टेंट तपासायला एमआरआय काढावा का? आमचं मत आहे, सुरुवातीलाच नको. धातूमुळे नेमक्या त्याच जागेचं चित्र बिघडतं. स्टेंटच्या आतला भाग काळा दिसतो आणि उघडी वाहिनीही बंद असल्यासारखी भासू शकते. स्टीलच्या स्टेंटमध्ये हा दोष जास्त. वरच्या-खालच्या वाहिन्या दिसतात, पण स्टेंट आतून पुन्हा चोंदलाय का, याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही.

आधी साध्या तपासण्या कराव्यात. पायाची नाडी हाताने बघणे ही पहिली. दुसरी, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागणे. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय. मधुमेहात वाहिन्या कडक होतात आणि हा आकडा फसवा, वाढीव येऊ शकतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नये. तिसरी डॉपलर सोनोग्राफी. तिला सुई नाही, औषध टोचणं नाही. वाहिनी जिथे अरुंद झाली तिथे रक्ताचा वेग वाढलेला दिसतो. एवढं करून शंका उरली, तर सीटी अँजिओग्राफी की एमआरआय, हे डॉक्टरांनी ठरवावं. दोन्हींत बहुधा शिरेतून औषध देतात. म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

आमच्या वस्तीतल्या एका दादांना मधुमेह. एमआयडीसीत कंत्राटावर आयुष्य गेलं. मांडीच्या वाहिनीत स्टेंट बसला. पुढे कंबरेसाठी एमआरआय सांगितला, तेव्हा केंद्राने विचारलं, स्टेंट कोणता? घरात कागद नव्हता. तपासणी लांबली, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली. चूक दादांची नव्हती. घरी सोडताना कोणी कार्ड दिलंच नव्हतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. स्टेंट बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला कार्ड द्यावं. त्यावर स्टेंटचं नाव, कंपनी, धातू, माप, कोणत्या पायात कुठे बसवला, तारीख आणि एमआरआयच्या अटी असाव्यात, आणि रुग्णाला कळेल अशा मराठीत. सरकारी योजनेतून फुकट झालं म्हणून कागद मागायला लाजू नका. शरीर आपलं आहे, त्यात काय बसवलं हे कळणं हा आपला हक्क आहे. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक प्रत मुलीकडे किंवा सुनेकडे द्या.

आणि एक लक्षात ठेवा. स्टेंटचा पाय अचानक गार पडला, पांढरा-निळा झाला, बधिर झाला किंवा असह्य दुखू लागला, तर कोणत्याही तपासणीची तारीख बघत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा. तिथे तासातासाने पाय हातचा जातो.

विडी आणि तंबाखू सुटली नाही, तर चांगला स्टेंटही चोंदू शकतो. येत्या रविवारी विहारात येताना स्टेंटचे कागद सोबत आणा, आपण मिळून वाचू. ज्यांच्याकडे कागदच नाही, त्यांच्यासाठी रुग्णालयाला द्यायचा अर्ज तिथेच लिहू.