जतन कशाचे? यंत्राचे की सांगाड्याचे?

जुने यंत्र चालवणे म्हणजे त्याचा नाश ओढवून घेणे, असे मानणारा एक पक्ष संग्रहालयांच्या जगात बराच प्रतिष्ठित आहे. त्याचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. चालणारी वस्तू झिजते, झिजलेला भाग बदलावा लागतो आणि भाग बदलत गेले की मूळ वस्तू उरतच नाही. तेव्हा यंत्र पुसूनपासून काचेआड ठेवावे, शेजारी माहितीफलक लावावा, म्हणजे जतन झाले! प्रस्तुत लेखकाला हा विचार मुळातूनच अमान्य आहे.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशर परगण्यात ओल्ड वॉर्डन येथे असलेला शटलवर्थ संग्रह हा या विचाराचा सबळ प्रतिवाद होय. मोटारशर्यती जिंकणारा आणि जुनी, मोडकी यंत्रे मिळवून ती पुन्हा चालती करणारा रिचर्ड शटलवर्थ १९४० साली वायुदलात प्रशिक्षण घेत असताना विमान कोसळून मरण पावला. त्याच्या आईने १९४४ साली न्यास स्थापन केला आणि १९६३ मध्ये संग्रह लोकांना खुला झाला. येथल्या मोटारी धावतात आणि विमाने शेजारच्या गवती धावपट्टीवरून उडतात. १९०९ सालचे ब्लेरिओ विमानही त्यांत आहे.

अशा ठिकाणी जाऊन मिळते काय? स्मरणरंजन, असे आक्षेपक म्हणतील. वस्तुतः मिळते ते ज्ञान. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ पप विमानाचे इंजिन पंख्यासह स्वतःच गरगर फिरते. त्याला वंगण म्हणून एरंडेल तेल लागते आणि ते तेल परत न येता धुरासोबत बाहेर फेकले जाते. उतरताना वैमानिक कळ दाबून इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडतो, पुन्हा जोडतो. फलकावर हे दोन ओळींत मावेल. पण जळक्या एरंडेलाचा वास नाकात शिरतो, अडखळणाऱ्या इंजिनाचा आवाज कानी पडतो, तेव्हाच त्या आसनावर बसलेल्या तरुणाचे काम किती अवघड होते, याची खरी कल्पना येते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पडद्याआड घडते. पंखावर कापड किती ताणावे, तारांचा ताण कसा जोखावा, हे ज्ञान हातात वसते आणि काम करता करताच दुसऱ्या हातात जाते. यंत्र थांबले की ही परंपरा एका पिढीत तुटते. साहित्याच्या अभ्यासकांना हे निराळे सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून सुरक्षित आहेत, परंतु मोडी वाचणारे डोळे उरले नाहीत तर त्या सुरक्षिततेचा उपयोग काय? कागद शाबूत राहील आणि मजकूर मात्र नाहीसा होईल.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र टाळता येणार नाही, कारण तो माणसांच्या जिवाचा आहे. १९९६ साली ब्रिटनमधले अखेरचे उड्डाणक्षम मॉस्किटो विमान प्रदर्शनात कोसळले आणि दोघे दगावले. २०२२ साली अमेरिकेत डॅलसच्या प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातली दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जण ठार झाले. या मृत्यूंचे समर्थन कोणत्याही जतनशास्त्राने करता येणार नाही. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष कोणता? गर्दीला थरार पुरवण्यासाठी उडवणे आणि यंत्र समजावे म्हणून चालवणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. ओल्ड वॉर्डनचे ब्लेरिओ वारा पडलेला असतानाच बाहेर काढतात आणि ते धावपट्टीलगत थोडे अंतर सरळ उडून खाली येते. वयाला मान देणारी ही शिस्त आहे. जिथे उड्डाण धोक्याचे, तिथे जमिनीवर इंजिन सुरू करावे, मोटार अंगणातून फिरवावी.

राहिला अस्सलपणाचा प्रश्न. जगात एकच नग उरला असेल, तर तो खुशाल काचेआड ठेवावा, त्याविषयी वाद नाही. परंतु अपवादाचा नियम करून प्रत्येक यंत्राला निश्चल करणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे, की चालण्यासाठीच घडवलेल्या वस्तूचे चालणे काढून घेतल्यावर तिच्यात अस्सल असे नेमके काय उरते?