तळे राखणारे

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आम्ही वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली. परंतु तळ्याच्या जागी समुद्र असेल तर? अमेरिकेने १९७६ साली कायदा करून, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीसाठी ८ प्रादेशिक परिषदा स्थापिल्या. त्यांत अधिकाऱ्यांबरोबर मच्छीमारांनाही स्थान दिले. हेतू स्तुत्य होता. तथापि न्यू इंग्लंडच्या परिषदेच्या डोळ्यांदेखत कॉड माशांचे साठे घटत गेले. आजची जाळी भरण्यापायी उद्याची पुंजी खर्ची पडली. अखेर २००६ च्या दुरुस्तीने वार्षिक पकडीला मर्यादा सक्तीची केली. शास्त्रज्ञांनी सुचविलेले प्रमाण परिषदेने ओलांडू नये, असा दंडकही घातला. राखणाऱ्याने पाणी अवश्य चाखावे. मात्र ओंजळी किती, हे दुसऱ्याने मोजावे, असे आम्हांस वाटते.