सॉरी! पण कशाबद्दल?

मे महिन्यात आमच्या घरी एक बरणी फुटली. जुनी, चिनी मातीची, तोंडाला दादरा बांधलेली, वर्षभराच्या कैरीच्या लोणच्याने गळ्यापर्यंत भरलेली. नववीतल्या आमच्या चिरंजीवांनी फडताळावर ठेवलेला चार्जर ओढला आणि त्याच्या वायरीबरोबर बरणीही खाली आली. आम्ही स्वयंपाकघरात धावलो तेव्हा फरशीभर तेल, फोडी आणि खापऱ्या. "सॉरी आजी," एवढं म्हणून चिरंजीव तेल चुकवत, लांब ढांगा टाकत निघूनही गेले. आई खापऱ्या वेचत होती. मान वर न करता तिने मला विचारलं, "हे सॉरी म्हणजे नेमकं काय रे?"

"म्हणजे माफ कर."

"मग तसं का नाही म्हणत?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. दिवसातून दहा वेळा मीही हा शब्द वापरतो. त्या रात्री शब्दकोश काढून बसलो.

गंमत अशी की, या शब्दाच्या मुळाशी माफी नाहीच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सारिग' असा शब्द होता. त्याचा अर्थ दुःखी, व्यथित. तो आला 'सार' म्हणजे वेदना या शब्दावरून. आपला घसा धरला की डॉक्टर 'सोअर थ्रोट' म्हणतात, त्यातला 'सोअर' म्हणजे दुखरा, तो याच कुळातला. दुःख या अर्थाचा 'सॉरो' हा शब्द सख्खा भाऊ वाटतो खरा, पण त्याचं कूळ निराळं. शेजारी राहून राहून दोघांचे चेहरे सारखे झाले, इतकंच. जर्मन भाषेत 'फार' या अर्थाने 'झेअर' म्हणतात, तोही मूळचा याच वेदनेच्या घरातला. दुखेल इतकं, म्हणजे फार! तात्पर्य, 'आय अ‍ॅम सॉरी' याचा मूळ अर्थ 'मला दुखतंय' असा होता. तुला दुखलं, हे नव्हे. मला दुखतंय, हे.

याउलट 'अपॉलॉजी' हा भारदस्त शब्द बघा. ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे आरोपाला दिलेलं उत्तर, बचावाचं भाषण. इसवी सनापूर्वी 399 साली अथेन्सच्या न्यायसभेत सॉक्रेटिसने केलेलं भाषण प्लेटोच्या ग्रंथामुळे 'अपॉलॉजी' म्हणूनच ओळखलं जातं. त्यात सॉक्रेटिसने माफी मागितलेली नाही. उलट, आपलं कसं बरोबर आहे तेच ठणकावून सांगितलं आहे. म्हणजे दोन शब्दांपैकी एक जन्माला आला तो वेदनेतून, आणि दुसरा बचावातून. आज आपण दोन्हीचं भाषांतर 'माफी' असंच करतो.

वापरून वापरून नाणं झिजतं, तसा 'सॉरी' झिजत गेला. नीट ऐकू आलं नाही, सॉरी? चुकीचा नंबर लागला, सॉरी. दुकानात माल नाही, सॉरी. कुणी गेल्याचं कळलं तरी सॉरी, आणि बसमध्ये पायावर पाय पडला तरी सॉरीच. सांत्वन आणि कबुली, दोन्ही एकाच शब्दात मावतात. या संदिग्धतेचा उपयोग मोठमोठ्या राष्ट्रांनी करून घेतला आहे. एप्रिल 2001 मध्ये अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणाला मुकला आणि अमेरिकेचे 24 जण चीनच्या ताब्यात सापडले. अखेर अमेरिकेने पत्र पाठवलं, त्यात 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा होते. चीनने आपल्या जनतेला ती माफी म्हणून सांगितली. अमेरिका म्हणाली, छे, ही माफी नव्हे, हा तर खेद! माणसं सुटून घरी गेली. शब्द तोच, अर्थ ज्याचा त्याने घेतला.

पण हाच शब्द पुरा तोलून वापरला की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियात तिथल्या आदिवासींची मुलं सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडली जात होती. विसाव्या शतकात कित्येक दशकं हे चाललं. 1999 साली तिथल्या संसदेने 'खोल आणि मनःपूर्वक खेद' व्यक्त केला. लोकांचं समाधान झालं नाही. त्यांना तो एकच साधा शब्द हवा होता. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून तो उच्चारला. नुसता उच्चारला नाही, कोणत्या कायद्यांबद्दल, कोणत्या धोरणांबद्दल, कुणाच्या ताटातुटीबद्दल, तेही सांगितलं. लोक रडले. जालियनवाला बागेबद्दल ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी 2019 साली खेद व्यक्त केला, माफीपर्यंत मात्र त्या आल्या नाहीत. खेद आणि माफी यांतला फरक आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

आता आपल्या घराकडे येऊ. इंग्रजीत 'सॉरी' हे विशेषण आहे, माणसाची अवस्था सांगणारं. आपण त्याचा उद्गार केला. मराठीत माणूस सॉरी 'असत' नाही, तो सॉरी 'म्हणतो'. "सॉरी म्हण काकांना," असं आपण मुलांना शिकवतो. मूलही चटकन शिकतं आणि पुढे आपल्यालाच ऐकवतं, "म्हटलं ना सॉरी! आता काय?" टोलनाक्यावर पैसे टाकावेत आणि दांडी वर व्हावी, तसा हा व्यवहार.

आपल्याकडे शब्द नव्हते असं थोडंच आहे? 'दिलगीर' हा फारसीतून आलेला शब्द, दिल म्हणजे काळीज आणि गीर म्हणजे धरणारा. काय सुरेख शब्द! आपण त्याची रवानगी कार्यालयीन पत्रांत केली. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत' हे वाक्य आपल्याला पाठ आहे. त्यातला 'तर' नीट ऐकावा. दुखावल्या नसतील, तर आम्हीही दिलगीर नाही! आणि सर्वांत साधं म्हणजे 'माझं चुकलं'. त्यात 'माझं' आहे, म्हणून ते जड जातं. 'सॉरी' सोपं वाटतं, कारण त्यात 'मी' गाळता येतो.

हे मी दुसऱ्यांना शिकवतोय असं समजू नका. वडील गेले तेव्हा त्यांच्या आजारपणाचा सगळा खर्च दादाने पाहिला होता. तेराव्याला, चार नातेवाइकांसमोर, मी त्याच्याकडे हिशेब मागितला. दुसऱ्या दिवशी बिलांचं एक पुडकं माझ्या दारात ठेवून तो गेला आणि चार वर्षं आला नाही. एका दिवाळीत मी फोन केला. म्हटलं, "झालं गेलं विसर दादा. सॉरी." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्याने विचारलं, "कशाबद्दल?"

मला सांगता येईना. फोन ठेवून दिला. आठ दिवसांनी त्याच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "तेराव्याला सगळ्यांसमोर तुझ्याकडे हिशेब मागितला, ते माझं चुकलं." एवढं वाक्य बोलताना घसा दुखला. जुन्या इंग्रजांना हेच अभिप्रेत असावं. दादा म्हणाला, "चार वर्षं लागली तुला." मग वहिनीला त्याने चहा टाकायला सांगितला.

बरणीवरून मी मुलाला उपदेश केला नाही. चार वर्षं घेणाऱ्याने चार तासांत निकाल मागू नये. पण दोन दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून थबकलो. तो विचारत होता, "आजी, ती बरणी कुठली होती गं?"

"माझ्या माहेरची," आई म्हणाली. मग ती सांगत बसली, आणि तो ऐकत बसला.