तात्पुरता अग्निपहारा आणि साडेतीन माणसांचे गणित

महानगरांतील उंच इमारतींविषयी एक साधी गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्या यंत्रणेच्या भरवशावर आपण विसाव्या मजल्यावर निर्धास्त झोपतो, ती यंत्रणा अधूनमधून बंद असते. पंपाची मोटर जळते, गच्चीवरील टाकीला गळती लागते, नूतनीकरणासाठी एखाद्या मजल्यावरील स्प्रिंकलर काढून ठेवावे लागतात. धोक्याची घंटा विनाकारण वाजते म्हणून कोणीतरी तिचा खटका खाली करून ठेवतो. इमारत मात्र पूर्वीप्रमाणेच वापरात असते. घरोघरी स्वयंपाक होतो, तळमजल्यावर बँकेची शाखा उघडते, रात्रभर वातानुकूलन यंत्रे चालू राहतात.

या मधल्या दिवसांसाठी माणसांचा पहारा नेमावा, हा जगभर मान्य झालेला उपाय आहे. न्यूयॉर्कमध्ये अशा पहारेकऱ्याला अग्निशमन विभागाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. आपल्याकडे हे काम बहुधा दोनपैकी एका मार्गाने उरकले जाते. एक तर सोसायटीचे चिटणीस फाटकावरील रखवालदाराला ‘रात्री जरा वर एक चक्कर मारत जा’ असे सांगतात, किंवा तीन कोटेशने मागवून सर्वांत कमी दराचे स्वीकारले जाते. तीन कोटेशनांच्या पद्धतीविरुद्ध मी, एक बँक अधिकारी, काही बोलावे हे सहकाऱ्यांना नवलाचे वाटेल. पण कोटेशन नेमके कशाचे मागवले होते, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

थोडे गणित करून पाहू. आठवड्याचे तास १६८. आठ तासांची पाळी व एक साप्ताहिक सुटी धरली, तर एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे चोवीस तासांच्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. जे कोटेशन हीच जागा दोन माणसांत भागवते, त्यातील प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला ८४ तास येतात, आणि सुटी येत नाही. दरातील फरक येथून निघतो. ती बचत त्या दोन माणसांच्या झोपेतून केलेली असते, आणि पहाटे तीन वाजता जिन्यातील धुराचा वास ज्याला यायला हवा तोच माणूस खुर्चीवर डुलक्या घेत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण जागेपण विकत घ्यायला निघालो होतो आणि घेतला फक्त गणवेश.

दुसरा हिशेब फेरीचा. वीस मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर मीटरची खोली, केबलचे डक्ट, दोन्ही जिने आणि कचरा ठेवण्याची जागा पाहायची. मजल्यामागे दोनच मिनिटे धरली तरी एका फेरीला चाळीस मिनिटे होतात. तासाला एक फेरी हवी असेल, तर त्या माणसाकडे फाटक उघडणे, मोटारी लावून देणे, कुरिअर घेणे यांसाठी वेळ उरतच नाही. म्हणूनच अग्निपहाऱ्यावरील माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नये. आपल्याकडे हा नियम पहिल्याच संध्याकाळी मोडतो.

प्रश्न जागेपणाचा आहे, तसाच माहितीचाही आहे. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली तेव्हा धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती. परंतु सूचना वाचणारा कर्मचारी त्या कामावर तिसऱ्याच दिवशी होता आणि बदली माणूस न आल्याने सलग दुसरी पाळी करीत होता, असे नंतरच्या वार्तांकनातून पुढे आले. आग मुख्य छताखालच्या माळ्यावर होती आणि पहारेकऱ्याला पाठवले गेले शेजारच्या लहान इमारतीकडे. खरी जागा उमगेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला होता.

याउलट मुंबईचे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक जिव्हारी लागणारे आहे. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोड भागातील एका उत्तुंग निवासी इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. त्या मजल्यावर पोहोचलेला इमारतीचा एक सुरक्षारक्षक आगीत अडकला, सज्जाला लोंबकळत राहिला आणि खाली पडून मरण पावला. हा प्रसंग आठवला की पहारेकऱ्याने ‘आग विझवावी’ अशी जी आपली भाबडी अपेक्षा असते, तिचा फेरविचार करावासा वाटतो. त्याचे काम आग लवकर पाहणे, १०१ क्रमांकावर कळवणे, रहिवाशांना जागे करून जिन्याने खाली आणणे आणि अग्निशमन दल येताच किल्ल्या घेऊन फाटकावर हजर राहणे, एवढेच आहे. नुकत्याच पेटलेल्या कचऱ्याच्या डब्यावर सिलिंडर मारणे वेगळे. धुराने भरलेल्या मजल्यावर एकट्याने जाणे त्याच्याकडून अपेक्षित नाही. हे त्याला नेमणुकीच्या वेळीच, लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितले पाहिजे. मुंबईतील कित्येक रक्षक उत्तर भारतातून आलेले असतात; मराठी किंवा इंग्रजी सूचनाफलक त्यांच्या काय उपयोगाचा?

कायद्याने प्रशिक्षणाची तरतूद केलेली आहे. खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याखालील आदर्श नियमांत रक्षकासाठी किमान १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले असून त्यात अग्निशमनाचाही समावेश आहे. तेव्हा संस्थेकडे प्रत्येक रक्षकाचे प्रशिक्षण प्रमाणपत्र मागणे हा ग्राहकाचा आगाऊपणा ठरत नाही. कर्ज देताना आपण कागदपत्रे मागतोच ना!

त्यापुढचे शिक्षण मात्र इमारतीनेच द्यावयाचे असते. पहिल्या पाळीपूर्वी एक तास काढून मुख्य वीजखटका, गॅसचा कॉक, गच्चीची किल्ली, आसऱ्याचा मजला आणि आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या वृद्धांची दारे त्याला दाखवावीत. वेल्डिंगचे काम चालू असेल तर विशेष सावधगिरी हवी. ठिणगी फटीत पडून बराच वेळ धुमसत राहते. कारागीर हत्यारे आवरून गेल्यावरही पहारा तासभर तेथेच थांबला पाहिजे.

या मधल्या काळाचे भय किती खरे आहे, हे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाने दाखवून दिले. १३ जून १९९७ रोजी सकाळी तेथील रोहित्राला आग लागली, घाईने दुरुस्ती होऊन वीजपुरवठा पुन्हा सुरू झाला, आणि त्याच दिवशी सायंकाळी तेच रोहित्र पुन्हा पेटून ५९ जीव गेले. दुरुस्ती झाली म्हणजे धोका संपला, असे गृहीत धरण्याची ती किंमत होती.

काही सभासद म्हणतात, पहाऱ्यावर पैसे घालवण्यापेक्षा थेट पंपच दुरुस्त करावा. म्हणणे रास्त आहे; पण पंप येईपर्यंतच्या रात्री कोणाच्या हवाली करायच्या? माझी खरी धास्ती उलट बाजूची आहे. पंपाची दुरुस्ती हा एकरकमी मोठा खर्च. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, वाद होतात. पहाऱ्याचे बिल दरमहा थोडे थोडे येते आणि देखभाल खर्चात विनातक्रार मिसळून जाते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी याला भांडवली खर्च टाळण्यासाठी सोसलेला महसुली खर्च म्हणेल. पंधरा दिवसांसाठी आणलेला माणूस मग दोन दिवाळ्या तेथेच दिसतो आणि पंप गंजत राहतो.

म्हणून नेमणुकीच्या ठरावातच पहारा संपण्याची तारीख व त्या तारखेपर्यंत पूर्ण करावयाची दुरुस्ती लिहावी. तारीख वाढवायची तर समितीने पुन्हा बसून कारण नोंदवावे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यान्वये मालक वा भोगवटादाराला दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. पहाऱ्याची मुदत या महिन्यांच्या पलीकडे जाऊ देऊ नये. यंत्रणा बंद असल्याचे विमा कंपनीलाही लेखी कळवून पोच घ्यावी. फेऱ्यांची वही वेळ व सहीसह ठेवावी, आणि ती आठवड्यातून एकदा समितीच्या एखाद्या सभासदाने, शक्यतो रात्री दोन वाजता, स्वतः जाऊन पाहावी.